इंग्लंडातील जुनी कुळे व लेखी पुरावा

सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातील शेतकऱ्याविषयी सामान्यतः असे समजतात की, तो निरक्षर होता, म्हणून लिखाणाशी त्याचा काही संबंध नव्हता. ह्यांतील पहिली गोष्ट पुष्कळ अंशी खरी आहे. दुसरी मुळीच नाही. ज्यास वाचता येत नाही त्यास लेखाची धास्तीही अधिक असते आणि ओढही अधिक असते, हे आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

त्या काळी तेथील पुष्कळ शेतकरी बांधील कुळे होते. जमीन धन्याची, कुळाने ठराविक दिवस त्याच्या शेतावर वेठ करावयाची, मुलीच्या लग्नाबद्दल त्यास रक्कम भरावयाची, आणि मुलास शाळेत घालावयाचे झाल्यास पुष्कळ ठिकाणी तेथेही धन्याची परवानगी लागे. मुलगा शिकून धर्माधिकारी झाला म्हणजे धन्याच्या हातचा एक राबणारा गेला, हे त्याचे कारण. १३९१ साली तर कुळांच्या मुलांस शाळेत जाऊच देऊ नये असा अर्ज पार्लमेंटातून राजाकडे गेला; राजाने तो मान्य केला नाही. पुढे १४०६ च्या कायद्याने कोणत्याही स्थितीच्या स्त्रीपुरुषांस आपला मुलगा किंवा मुलगी शाळेत पाठविण्याची मोकळीक मिळाली. मुलीचाही उल्लेख त्यात आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शाळा नसली तरी हिशेब होताच. धन्याच्या शेतीचा कारभार पाहणारा ‘रीव्ह’ बहुधा कुळांपैकीच एक असे. तो धान्य, जनावरे व पैसा ह्यांच्या खुणा काठीवर खाचा पाडून ठेवी. देणेघेणे असेल तेव्हा काठी उभी चिरून दोन्ही पक्ष एकेक भाग जवळ ठेवीत. भाग जुळविले म्हणजे कोणी मागाहून खाच वाढविली असल्यास ती तत्काळ उघडी पडे. वर्षाच्या हिशेबाच्या वेळी रीव्ह तोंडाने सांगे आणि कारकून चर्मपत्रावर लॅटिन भाषेत लिही. ह्या काठ्यांस कोणी हसू नये. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात त्या १८२६ पर्यंत चालू होत्या, आणि १८३४ साली जुन्या काठ्या जाळताना पार्लमेंटची इमारतच जळाली.

धन्याची स्वतःची न्यायसभा असे. बाप वारला, मुलाने शेत घेतले, अमक्याची गाय तमक्याच्या पिकात शिरली, अशा गोष्टी तेराव्या शतकाच्या मध्यापासून तेथे चर्मपत्राच्या भेंडोळ्यांवर लिहिल्या जाऊ लागल्या. भेंडोळी धन्याच्या पेटीत राही, तरी तिच्यात आपले नाव आहे हे कुळास ठाऊक असे आणि तंटा पडला म्हणजे ती पाहावी असा तो आग्रह धरी. पुढे नोंदीची नक्कल कुळास मिळू लागली. त्यावरून अशा कुळास ‘कॉपीहोल्डर’, म्हणजे नकलेवर जमीन धरणारा, हे नाव पडले. पीटरबरोच्या मठाची बांधील कुळे तर आपसांत जमिनीचे तुकडे खते करून विकीत व घेत. हे मठाच्या हक्काविरुद्ध होते. चौदाव्या शतकात मठाने ती खते एका वहीत उतरून घेतली, म्हणूनच ती आज आपणांस वाचावयास मिळतात.

१०८६ साली विल्यम राजाने सर्व देशाच्या जमिनीची पाहणी करवून ‘डूम्सडे’ नावाचा ग्रंथ तयार करविला होता. त्यात आपले गाव राजाच्या खालशात असेल तर धन्यास वेठ वाढविता येणार नाही, अशी समजूत होती. १३७७ च्या सुमारास दक्षिणेकडील अनेक गावांनी वर्गणी करून त्या ग्रंथातील उतारे मिळविले. पार्लमेंटाने ठरविले की, ह्या उताऱ्यांनी कोणाची वेठ सुटत नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १३८१ च्या जून महिन्यात, एसेक्स व केंट प्रांतांतील लोक उठले आणि त्यांनी ठिकठिकाणी धन्यांची भेंडोळी जाळली. हे अडाण्यांचे अक्षरांवरील वैर होते, असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. त्याच लोकांनी १४ जून रोजी माइल एंड येथे चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाकडे स्वातंत्र्याच्या सनदा मागितल्या, कारकून बसवून त्या लिहवून घेतल्या आणि मोहोर करून घरी नेल्या. सेंट ऑल्बन्स येथील लोकांनी मठाधिपतीकडून ऑफा राजाची एक जुनी सनद मागितली. तिची अक्षरे एक सोनेरी व एक निळे अशी आहेत, असे ते सांगत. मठात तशी सनद सापडली नाही. राजाने दिलेल्या सनदाही २ जुलै रोजी रद्द झाल्या.

ह्याच सुमारास विक्लिफच्या अनुयायांनी पवित्र शास्त्र इंग्रजीत आणिले. पुस्तक हाताने लिहिलेले, महाग, आणि लवकरच जवळ बाळगणे धोक्याचे. म्हणून घरात एकाने वाचावे व बाकीच्यांनी ऐकून पाठ करावे, असे चाले. नॉर्फोकमधील मार्थम गावची मार्जरी बॅक्स्टर आपल्या शेजारणीस म्हणाली की, रात्री गुपचूप आमच्या खोलीत ये, माझा नवरा पुस्तक वाचून दाखवील. शेजारणीने १४२९ साली हे बिशपाच्या न्यायसभेत सांगितले, आणि तेथील कारकुनाने ते लॅटिनमध्ये लिहून ठेविले.