गरम, पण ओलेच

हिटर गेलाय, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मेकॅनिकने धुऊन सुकवणाऱ्या यंत्राच्या काचेला हातसुद्धा लावला नव्हता. आमोण्यात राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेचा राग आहे तो एवढ्यासाठीच. काच तापत होती. टॉवेल बाहेर काढताना हात पोळत होता, आणि तरी ते ओलेच होते. हे तिने त्याला सांगितले. "बाय, पावसांत अशेंच जाता," असे उत्तर आले. पावसात असेच होत असेल, तर नवा हिटर कशाला? यावर तो काही बोलला नाही. हिटरचा खर्च मात्र त्याने आधीच लिहून ठेवला होता.

आषाढातली दोरी आणि चवथीच्या तोंडावरचे धुणे डिचोलीकरांना वेगळे सांगायला नको. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, त्याआधी ट्रकांच्या रस्त्यालगत कडक उन्हातही कपडे तांबडी धूळ घेऊनच घरात यायचे. धुऊन सुकवूनही देणारे यंत्र घेणे म्हणजे श्रीमंतीचा थाट, असे पडवीत बसून म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा शाळेचे गणवेश सुकवून दाखवावेत.

आता त्या 'पावसांत'चे पाहू. अशी बरीच यंत्रे दमट हवा बाहेर फेकतच नाहीत. हिटरने तापलेली हवा ड्रममधल्या कपड्यांतून फिरते, पाण्याची वाफ उचलते आणि मागच्या अरुंद मार्गात जाते. तिथे थंड पाण्याची बारीक धार सोडलेली असते. वाफेचे पुन्हा पाणी होते, पंप ते बाहेर टाकतो आणि तीच हवा परत हिटरकडे वळते. म्हणजे कपडे सुकवायलाही नळाचे पाणी लागते! बाहेर मांडवी दुथडी भरून वाहत असली, तरी आतल्या बंद फेऱ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. (हवेने थंड करणाऱ्या आणि हीट पंपाच्या यंत्रांची गोष्ट वेगळी.)

हे पुस्तिकेत वाचले आणि लेखिका थेट न्हाणीत जाऊन उभी राहिली. सुकवण चालू असताना निचऱ्याच्या पाइपातून थांबून थांबून पाणी पडायला हवे. पाइप कोरडा ठणठणीत! हिटर बिचारा इमानेइतबारे तापत होता, पण वाफ बसायला थंड जागाच नव्हती. पाणी यंत्रात शिरते तिथली जाळी काढली, तर ती तांबड्या गाळाने बुजलेली. धुण्यासाठी पाणी हळू आले तरी यंत्र ड्रम भरेपर्यंत थांबते. सुकवताना मात्र धार सतत लागते, म्हणून धुणे ठीक आणि सुकवणे बंद. जाळी धुतल्यावर पाइप वाहू लागला. ते बघायला मेकॅनिकला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने कागदावर लिहिले, 'ग्राहकास वापर समजावला.' कोणी कोणाला?

तर ज्यांच्या घरी हेच रडगाणे चालू असेल, त्यांनी आधी कपड्यांना हात लावावा. गरम आणि ओले असतील, तर थंड पाण्याची वाट किंवा हवेचा मार्ग तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. थंड आणि ओले असतील, तर हिटर, तापमान सांगणारा सेन्सर किंवा वीज यांच्याकडे बघावे. पाणी निथळत असेल, तर सुकवणीला बोल लावू नये. पिळण्याचा वेग किंवा पंप तपासावा.

विजेचे गणित मेकॅनिक सांगत नाहीत. 230 ऐवजी 180 व्होल्ट येत असतील, तर हिटरची ताकद सुमारे 61 टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट वीज लागतेच, त्यात सूट नाही. पाण्याच्या दाबाचेही तसेच. अनेक पुस्तिका किमान 0.05 मेगापास्कल दाब मागतात, म्हणजे टाकी नळापेक्षा सुमारे 5 मीटर उंच हवी. एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी तेवढी उंच नसते. यंत्र विकताना हे कोण विचारतो?

बाकीचे सगळ्यांना ठाऊक असलेले: धुण्याची क्षमता 8 किलो असली, तरी सुकवण्याची बहुधा 5 किलोच असते. टॉवेल आणि चादरी एकत्र कोंबू नयेत. टॉवेलांचा कापूस हवेच्या मार्गात साचतो. मागचे झाकण स्वतः उघडू नये, आणि जाळीला हात लावण्याआधी प्लग काढून नळ बंद करावा. कापसाकडे दुर्लक्ष महागात पडते. ब्रिटनमध्ये 2019 साली सुमारे 5 लाख ड्रायर परत मागवावे लागले. ती यंत्रे केवळ सुकवण्याची होती, पण धोका तोच, साचलेला कापूस तापलेल्या हिटरला लागण्याचा.

आणि कागद. जॉबशीटवर मोजलेले व्होल्टेज, हिटरचा रोध आणि सुकवताना पाइपातून पाणी येते की नाही, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे.