आधी करार, मग सत्कार

कोल्हापूरचा खेळाडू परदेशी निघाला की ती गोष्ट त्याच्या घरापुरती राहत नाही, सगळ्या पेठेची होते. चौकात फ्लेक्स लागतो, मंडळ सत्कार ठेवतं, कोणी तिकिटाला हातभार लावतो. ही रीत जुनी आहे आणि अभिमानाची आहे. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. 1952 ला हेलसिंकीची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणून त्याचं चीज केलं.

पण ऑलिंपिकला जाणं वेगळं आणि परदेशी क्लबकडून पगारावर खेळणं वेगळं. दुसरी गोष्ट सरळसरळ नोकरी असते. मालक परका, भाषा परकी, आणि मुदत बहुतेक वेळा एका मोसमाची. बास्केटबॉलमध्ये मी ही नोकरी केली आहे. आता इथं पोरांना शिकवतो, आणि वर्षाआड एखादा बाप पोराला आलेली ‘ऑफर’ मोबाइलवर दाखवायला येतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी खेळलो तो युरोपातल्या एका छोट्या गावचा क्लब होता, खालच्या श्रेणीची लीग. सुरुवातीला पगार तारखेला यायचा. इकडं दिवाळी झाली आणि तिकडं प्रायोजकानं अंग काढून घेतलं. पगार आधी लांबला, मग थांबला. माझ्यासोबत राहणारा अमेरिकन खेळाडू लगेच घरी गेला, कारण परतीचं तिकीट क्लबनं द्यायचं हे त्याच्या करारात होतं. माझ्या करारात नव्हतं. त्यातच सरावात माझा गुडघा मुरगळला. क्लबचा विमा फक्त सामन्यातल्या दुखापतीला लागू, असं उत्तर मिळालं. ज्यानं मला तिथं नेलं त्या एजंटाचा फोन लागेना. थकलेला पगार मागायचा तर त्याच देशाच्या कोर्टात, त्याच देशाच्या भाषेत दावा लावायचा, असं करारात लिहिलेलं. वकिलाचा खर्च येणं रकमेपेक्षा जास्त होत होता. ते पैसे बुडाले.

या सगळ्या दिवसांत घरी फोन केला की ‘मजेत आहे’ एवढंच मी सांगत होतो. चौकातला फ्लेक्स अजून उतरला नव्हता. ज्यांनी हार घातले त्यांना ‘पगार मिळत नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं? परदेशात अडकलेली पोरं गप्प बसतात ती बहुतेक याच कारणानं, आणि त्यांच्या गप्प बसण्यावरच तसले क्लब निभावून नेतात.

आता करायचं काय ते सांगतो.

एजंट आधी तपासा. एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडू नेणाऱ्या एजंटाकडे फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. ‘ट्रायलची फी’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला तिथंच रामराम करा. पोराचं वय 18 च्या आत असेल तर आणखी जपा. फिबाच्या नियमानं 18 वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी बदली अपवाद सोडून होतच नाही. वय कितीही असो, आपल्या राष्ट्रीय संघटनेचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय परदेशी क्लबकडून अधिकृत सामना खेळता येत नाही.

करारात पाच गोष्टी शोधा: पगाराची तारीख, घरभाडं कोण भरणार, सराव आणि सामना दोन्हींतल्या दुखापतीचा विमा, परतीचं तिकीट, आणि लवादाचं कलम. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बास्केटबॉलसाठी 2007 पासून एक स्वतंत्र लवाद आहे, बीएटी नावाचा, जिनिव्हाचा. तिथं काम इंग्रजीत आणि बहुतेक वेळा कागदपत्रांवरच चालतं, त्यामुळं कोल्हापुरात बसून दाद मागता येते. निकाल न पाळणाऱ्या क्लबवर फिबा परदेशी खेळाडू घेण्याची बंदी घालू शकते, म्हणून क्लब पैसे द्यायला येतात. मात्र वाद या लवादाकडे न्यायचा हे करारात लिहिलेलं असेल तरच त्याचं दार उघडतं. व्हिसा खेळाडू म्हणून काम करण्याचा आहे ना, हेही बघा. ‘टुरिस्टवर या, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

जागा किती अरुंद आहे तेही समजून घ्या. परदेशी खेळाडूंच्या जागा लीगमध्ये मोजक्या असतात आणि त्यासाठी तुमची गाठ अमेरिकन पोरांशी पडते. पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला खालच्या लीगमध्येच खेळावं लागलं. पुढं उत्तेजक चाचणीत हायजेनामाइन सापडलं आणि 2020 मध्ये दोन वर्षांची बंदी आली. हा पदार्थ काही फूड सप्लिमेंटमध्येही असतो. अंगात सापडलं की जबाबदार खेळाडूच, हा उत्तेजकविरोधी नियम जगभर सारखा आहे. जिममधल्या मित्रानं दिलेला डबा परदेशी नेऊ नका, आणि सर्दीची गोळीसुद्धा नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीशी ताडून घ्या.

इकडची नोकरी सोडून जाऊ नका. आपल्या खेळाडूंचा खरा आधार रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या हाच आहे. रजा मंजूर करून घ्या, तीही लेखी. पगारातून तिथं कापलेल्या कराचा दाखला जपा, इथं विवरणपत्र भरताना लागतो.

आणि घरच्यांनी एक करावं. दर महिन्याला ‘जेवलास का’ विचारता, तसं ‘पगार जमा झाला का’ हेही विचारा. एक पगार चुकला की त्याच आठवड्यात क्लबला लेखी मेल गेला पाहिजे. दुसरा चुकला की वकील गाठायचा. पोरगं परत आलं तर ‘का आलास’ विचारू नका.

मंडळांना हात जोडून सांगणं एवढंच, की सत्कार जरूर करा, पण पोरगं मोसम संपवून आलं की करा. जाताना त्याच पैशात त्याचा करार एखाद्या चांगल्या वकिलाकडून वाचून घ्या.