दर्यावर जायचे तर तिथी बघून जा

अंदमानच्या सहलीचा हिशेब तू मला फोनवर वाचून दाखवलास, तेव्हाच ठरवले की तुला सगळे सविस्तर लिहून पाठवायचे. मुलांना बेट बघायचे आहे, तुम्हा दोघांना चार दिवस काहीही न करता पडून राहायचे आहे आणि वहिनींच्या गुडघ्यांना फार चालवत नाही. हे सगळे इकडे गोव्यात होते, आणि आवाक्यातल्या पैशांत होते. मात्र त्यासाठी जागेच्या आधी दिवस निवडायला लागतात.

लांबच्या बेटावर खिसा का रिकामा होतो ते आधी समजून घे. तिथे भाजी, डिझेल, सिमेंट, बिस्किटाचा पुडासुद्धा बहुतेक जहाजातूनच येतो आणि त्याचे भाडे तुझ्या ताटात मोजले जाते. पोर्ट ब्लेअरला, ज्याला आता श्रीविजयपुरम म्हणतात, विमानाने उतरलास तरी स्वराज द्वीपाला जायला पुन्हा बोटीचे तिकीट. हवा बिघडली की बोट रद्द, मग मुक्काम वाढतो आणि परतीचे विमान चुकते. लक्षद्वीपला तर आधी परवाना काढावा लागतो. पैसे साठवून, दहा दिवस हातात ठेवून जायच्या त्या जागा आहेत. लहान मुले आणि म्हातारे माणूस घेऊन, मोजक्या पैशांत, विश्रांतीसाठी जायच्या नव्हेत.

आमच्या साखळीला समुद्र नाही, वाळवंटी नदी आहे. पण आतल्या गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जात आली. पोर्तुगीज अमदानीत मे महिन्यात कुटुंबेच्या कुटुंबे मुदांसला जायची. हवापालट आणि खाऱ्या पाण्याचे न्हाण. खाऱ्या पाण्याने अंगाची खाज जाते, सांधे मोकळे होतात असे सगळे मानायचे. बरोबर तांदूळ, नारळ, लोणचे, भांडीकुंडी. किनाऱ्यालगतच्या कुणाच्या तरी घरात खोली घ्यायची आणि तिथून हलायचे नाही. माझ्या सासूबाई त्यातल्याच. त्यांचे सांगणे असे की एकाच गावात राहा, तांदूळ घरचा ने, आणि खोली लाटांच्या तोंडावर घेऊ नको, माडांच्या आत घे. आजही पैसे वाचतात ते याच तीन गोष्टींनी.

आता दिवस. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी गोव्याकडे बघूही नकोस, त्या दिवसांत खोलीचे भाडे अवाच्या सवा चढते आणि रस्ते तुंबतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताजे मासे कमी आणि महाग. चवथीच्या दिवसांत गावातली खानावळवाली माणसे आपापल्या घरी गणपतीत गुंतलेली असतात. तुम्हाला दोन वेळा चांगल्या: नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, किंवा जानेवारी संपल्यावर फेब्रुवारीभर. फेब्रुवारी मला जास्त आवडतो. पहाटे अंगावर चादर लागते, पाणी शांत असते आणि मार्चची काहिली अजून लांब असते. शनिवार-रविवार मध्ये येणार नाहीत असे बघ. सोमवार ते शुक्रवार तीच खोली स्वस्त मिळते, आणि चार रात्रींचा एकत्र भाव मागितला की घरमालक आणखी खाली येतो.

फेब्रुवारी ठरला म्हणजे झाले नाही. कॅलेंडरवर तिथी बघ. सासूबाईंनी मला शिकवलेले गणित तुला देते, ते जपून ठेव. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा एकने सुरू करायची. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुढच्या सहा तासांनी परत भरती. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण दिवस आखायला एवढे पुरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी आपले बेताने हलते.

याचा उपयोग कसा करायचा? दोन्ही पक्षांत द्वितीया ते पंचमी हे दिवस धर. त्या दिवसांत सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान ओहोटी पुरी होते. ओहोटीत उघडी पडलेली ओली पुळण कडक असते, वहिनींची पावले त्यात रुतणार नाहीत. कोरड्या वाळूत चालले की गुडघे बोलायला लागतात, हा माझा स्वतःचा अनुभव. मुलांना खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे सापडतील. पाणी परत चढायला लागले की तासभर न्हायचे, आणि ऊन तापायच्या आत खोलीवर. संध्याकाळी पाणी पुन्हा उतरत असते, तेव्हा नुसते फिरायचे, उतरत्या पाण्यात खोल जायचे नाही. मुंबईकर माणसे एकादशीला येतात, त्यांना सकाळी आठला पाणी माडांच्या मुळाशी लागलेले दिसते आणि किनाराच अरुंद आहे म्हणून कुरकुरतात.

गाव कुठले? माझे मत पेडण्यातले केरी. मोरजी आता महाग झाली. तिथल्या टेंब भागात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासविणी अंडी घालायला येतात, वन खाते तो पट्टा राखते. मुलांना दिवसा लांबून दाखव आणि रात्री तिकडे बॅटऱ्या मारत फिरू नका. मांद्रे सुंदर, शांत, पण राहण्याचे भाव चढे. हरमल तरुणांचे, विदेशी माणसे तिथे सत्तरच्या दशकापासून येतात, संध्याकाळी ढोल वाजतात, रात्री उशिरापर्यंत आवाज. समुद्राला लागून असलेले गोड्या पाण्याचे तळे मात्र बघण्यासारखे आहे, एका सकाळी जाऊन या. केरीत सुरूचे बन आहे. समुद्राने बरीच झाडे खाल्ली आणि काही भागात दगडांचा बांध घातलाय, तेवढे बघून वाईट वाटेल. पण सावली अजून आहे, गर्दी कमी आहे, आणि वहिनींना खुर्ची टाकून बसायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

केरीचे एक ध्यानात ठेव. माझ्याकडून निघताना साखळीच्या बसस्थानकावर ‘केरी’ अशी पाटी लावलेली बस दिसली की चढू नकोस. ती सत्तरीतल्या केरीची, चोर्ल्याच्या घाटाकडे जाते, थेट समुद्राच्या उलट दिशेला. तुम्ही म्हापशाची बस पकडायची. म्हापशाला उतरून हरमलची बस, ती शिवोलीचा पूल ओलांडून चोपडे, मांद्रे करत जाते. केरीला थेट मिळाली तर उत्तम, नाहीतर हरमलहून पुढे दुसरी. सामान घेऊन शुक्रवारी म्हापशातून जाऊ नका, त्या दिवशी तिथला आठवड्याचा बाजार, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

रेल्वेचे म्हणशील तर कोकणकन्येने थिवीला उतर. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. तिथी ठरली की मागे मोजून तो दिवस लिहून ठेव, कारण स्वस्त प्रवासाचे अर्धे काम त्या एका सकाळी होते. मोपाचा विमानतळ पेडण्यातच आहे, 2023 पासून विमाने उतरतात, पण चौघापाच जणांचे तिकीट काढून मग टॅक्सी करायची म्हणजे वाचवलेले सगळे गेले. गावात फिरायला भाड्याची स्कूटर घेतलीस तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलिसांनी धरले की भुर्दंड तुला. एकट्याने तिठ्यापर्यंत जायचे तर पायलट असतो, मोटारसायकलवर मागे बसवून सोडतो.

आधी एक रात्र माझ्याकडे उतरा. गाडीच्या प्रवासाने पोरे थकलेली असतात आणि खोल्या दुपारशिवाय हातात येत नाहीत. उकडे तांदूळ, आंब्याचे लोणचे, सोले आणि एक कुकर मी बांधून देते. खोली घेताना शेगडी आणि न्हाणी स्वतंत्र आहे का ते विचार, आणि घर पर्यटन खात्याकडे नोंदवलेले आहे का तेही विचार. 1982 च्या कायद्याने ती नोंदणी लागते. भाड्याचे आकडे मी लिहीत नाही, ते हंगामागणिक बदलतात. तीन ठिकाणी विचार, समुद्रापासून दहा मिनिटे आत असलेले बघ, आणि पूर्ण पैसे आगाऊ पाठवू नकोस.

जेवण असे कर. सकाळी पेज-लोणचे खोलीवर, किंवा तिठ्यावरच्या हॉटेलात पाव आणि पातळभाजी. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून पोळी घ्या, मुलांना आवडेल. मोठे जेवण दुपारी, तेही किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नको, डांबरी रस्त्यालगतच्या खानावळीत. शीत, हुमण, तळलेला बांगडा, किसमूर, सोलकढी असे पुरे ताट येते आणि गावातली माणसेही तिथेच जेवतात. इसवण, पापलेट, मोठी सुंगटे यांचा भाव वजनावर आणि रोजचा असतो, म्हणून मागवण्याआधी विचारायला लाजू नकोस. पहाटे रापण ओढताना दिसली तर मुलांना घेऊन दोर धरायला जा. ओढायला हात लावणाऱ्याला मूठभर मासळी द्यायची जुनी रीत आहे, आणि विकत घेतलीत तरी तिच्याइतकी ताजी कुठे मिळत नाही. रात्री पुन्हा खोलीवर कुकर.

दुपारी एक ते चार गोवा झोपतो. दुकाने बंद, औषधाचेसुद्धा. वहिनींच्या गोळ्या आणि मुलांचे काय लागेल ते सकाळीच घेऊन ठेवा आणि तुम्हीही झोपा. तुमच्या शहरात ही झोप मिळत नाही, विश्रांती म्हणून तू जी मागतोस ती खरे म्हणजे हीच.

पाण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. केरीच्या उत्तर टोकाला तेरेखोल नदी समुद्राला मिळते. त्या मुखाजवळ कुणीही पाण्यात उतरायचे नाही, गुडघाभरही नाही. ओहोटी लागली की नदीचे आणि समुद्राचे पाणी एकत्र बाहेर धावते आणि पोहणाऱ्यालाही ओढून नेते. उघड्या किनाऱ्यावरही लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा गुळगुळीत, काळपट आणि शांत दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. तिथूनच पाणी बाहेर जात असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाजूला या, मग लाटाच आत आणतात. जीवरक्षकांनी लाल-पिवळे बावटे लावलेले असतात, त्या दोहोंच्या मध्येच न्हायचे. नुसता लाल बावटा असला तर न्हाणे नाही. सूर्य बुडाला की पाण्यातून बाहेर. आणि उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे यावर गोव्यात दंड आहे. तू करणार नाहीस, पण कुणी करत असतील तिथून मुलांना उठवून दुसरीकडे ने, वाळूतल्या काचा पायात जातात.

एका संध्याकाळी केरीहून फेरीबोटीने पलीकडे तेरेखोलला जा. पायी माणसाला तिकीट नाही. वरचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 त पोर्तुगिजांनी घेतला. 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला, हे मुलांना जाग्यावर उभे करून सांग. वरून केरीचा सगळा किनारा दिसतो. हौस असेल तर पुढे रेडी, शिरोडे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला आणि वि. स. खांडेकर तिथेच शाळेत होते. पण एवढेच. रोज एक स्थळ असे करत गेलात तर घरी परतल्यावर पुन्हा सुट्टी लागेल.

मुलांचे बेट राहिले. ते परतीच्या दिवशी, माझ्याकडून. साखळीहून डिचोलीवरून नार्व्याला यायचे. 1668 त शिवाजी महाराजांनी सप्तकोटेश्वराचे देऊळ इथे पुन्हा बांधले, दर्शन घ्यायचे. मग खाली धक्क्यावर फेरीबोट, आणि मांडवीतले दिवाडी बेट. मूळ सप्तकोटेश्वर त्या बेटावरच होता. तिथे पुळण नाही हे मुलांना आधी सांगून ठेव, नाहीतर रुसतील. खाजण शेते आहेत, बांध आहेत, जुनी घरे आहेत, आणि चारी बाजूंनी पाणी आहे, म्हणजे खरेखुरे बेट. पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी बोट जुन्या गोव्याला जाते, तीही दाखवू. पक्षी बघायचे असतील तर चोडणला सलीम अली अभयारण्य आहे, पण त्याला वेगळी सकाळ हवी.

खारवलेले कपडे तिकडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत तसेच आणा. माझ्याकडे विहिरीचे गोडे पाणी आहे आणि दिवाडीहून येईपर्यंत अंगणात सगळे वाळते. कोकणकन्या थिवीला रात्रीची असते, अस्नोड्यावरून रिक्षाने निघू. तिथी बघून तारीख कळव आणि वहिनींना पथ्याचे काय चालते तेही विचारून कळव, म्हणजे गाडीतल्या डब्यासाठी काय करायचे ते मला ठरवता येईल.