रंगीत बोंडे

‘कापसासारखे पांढरे’ ही उपमा आपण इतक्या सहजपणे योजतो की, कापूस दुसऱ्या कोणत्या रंगाचा असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही. पुसदच्या मुलाला तर ती मुळीच येणार नाही. पूस नदीच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानांत मार्गशीर्षात दृष्टी टाकावी तिकडे पऱ्हाटी पांढऱ्या बोंडांनी फुटलेली असते. तथापि कापसाच्या कुळात तपकिरी, बदामी व हिरवट रुईच्या जाती फार पुरातन आहेत. मिथिलेत ‘कोकटी’ नावाच्या बदामी कापसाची धोतरे विणीत. काकीनाडा बंदराच्या नावाने ओळखला जाणारा आंध्रातील कापूस तांबूस असे. पेरू देशाच्या किनाऱ्यावर तपकिरी कापूस हजारो वर्षे पिकत आला आहे. आणि चीनमधील नानकिंगचे नाव मिरविणारे जे पिवळसर कापड युरोपात एके काळी आवडीने वापरीत, त्याचा रंगही मुळात बोंडाचाच होता.

हे रंग मागे का पडले? रंगीत रुईचा तंतू बहुधा आखूड व दुबळा. गिरणीच्या वेगवान चात्यांवर तो टिकेना. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग स्वस्त झाले, आणि पांढऱ्या सुताला हवा तो रंग देता येऊ लागला. मग व्यापाऱ्याला पांढरी रुईच हवीशी झाली. आपल्याकडे अळीने वा ओलीने डागाळलेल्या कापसाला ‘कवडी’ म्हणून बाजूला काढतात. जातिवंत तपकिरी कापूस म्हणजे कवडी नव्हे. पण बाजाराच्या डोळ्याला दोहोंतला भेद पाहण्याची सवय उरली नाही.

अलीकडे या कापसाकडे पुन्हा लक्ष वळले आहे. अमेरिकेत सॅली फॉक्स या संशोधिकेने १९८० नंतरच्या दशकात तपकिरी कापसातून निवड करीत करीत, गिरणीत कातता येईल असा तंतू मिळविला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘वैदेही ९५’ हा तपकिरी वाण दिला आहे. परंतु फॉक्सबाईंच्या कथेतील एक प्रसंग मला अधिक बोधप्रद वाटतो. आपल्या पांढऱ्या कापसात हा रंग मिसळेल, या भीतीने कॅलिफोर्नियातील शेतकऱ्यांनी त्यांच्या लागवडीस विरोध केला, आणि त्यांना आपली शेती ॲरिझोनात हलवावी लागली. ही भीती कितपत खरी, हे परसात चार झाडे लावण्यापूर्वी आपणही समजून घेतले पाहिजे. कारण पुसदमध्ये कुंपणापलीकडे कोणाचा ना कोणाचा कापूस असतोच.

कापसाचे फूल सकाळी उमलते व सायंकाळपर्यंत मिटू लागते. तेवढ्या अवधीत मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. मात्र रुईचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील केस, आणि ती साल आईच्या झाडाची असते. त्यामुळे परका पराग आला तरी त्या वर्षीच्या बोंडाचा रंग पालटत नाही. ती सरकी पुढील वर्षी पेरली, म्हणजे झाडावर फिकट तपकिरी, मिश्र रुई दिसते. जो शेतकरी दरवर्षी संकरित बियाणे विकत घेतो, त्याला म्हणूनच धोका थोडा. घरची सरकी राखणाऱ्याला तो मोठा. आणखी एक भेद आहे. देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसात ५२. या दोहोंचा संकर सहसा होत नाही. तेव्हा बी घेतानाच ते देशी की अमेरिकन, हे विचारावे.

आपला रंग शुद्ध राखण्याचा उपाय सोपा आहे, पण त्यास चिकाटी हवी. उद्या उमलणारी कळी आदल्या सायंकाळी ओळखता येते. तिच्या पाकळ्यांची गुंडाळी बाहेर डोकावते. तिच्या टोकाला दोरा घट्ट बांधावा, म्हणजे माशीला आत वाट राहत नाही. दोऱ्याचे दुसरे टोक देठास अडकवावे. फूल गळाले तरी बोंड ओळखू येते. पेरण्यासाठी सरकी ठेवायची ती याच बोंडांतील.

लागवडीत नवे काही नाही. सरकीला शेण व राख चोळून, पावसाने जमीन चांगली भिजल्यावर दोन दोन फुटांवर टोकावी. पाणी साचू देऊ नये. सुमारे दोन महिन्यांत फुले येतात, आणि फुलापासून बोंड फुटेपर्यंत आणखी दीड महिना लागतो. फुटल्यावर ऊन लागते तसा रंग गडद होत जातो. दहिवर सुकल्यावर, पूर्ण फुटलेलीच बोंडे वेचावीत. वाळल्या पानाचा चुरा रुईत गेला, की तो काढता काढता नको होते. विदर्भात पहिल्या वेचणीपूर्वी बायका शेतात सीतादही करतात. परसातल्या चार झाडांपाशीही ते करण्यास हरकत नसावी.

एका झाडास २० बोंडे व बोंडात अडीच ग्रॅम कापूस धरला, तर १० झाडांचा अर्धा किलो होतो. लोखंडी सळईने पाटावर लोढला, की त्यातून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम रुई हाती येते. ती पिंजून, पेळू करून टकळीवर कातता येते. सदरा होणार नाही, हातरुमाल होतील. साबणाच्या कढत पाण्यात तपकिरी रंग प्रारंभी अधिकच खुलतो. हिरवा मात्र उन्हात विटतो.

जानेवारी सरण्यापूर्वी झाडे उपटावीत. पूर्वी वाती व जानव्यासाठी अंगणात देवकापसाचे झाड वर्षानुवर्षे राखीत, आणि तशी हौस आजही होते. परंतु गुलाबी बोंडअळी कापसावर जगते. उरल्यासुरल्या बोंडांत, सरकीत ती निद्रिस्त राहते व पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तिचा घाला अनुभवला आहे. म्हणूनच फरदड घेऊ नका, असे कृषितज्ज्ञ सांगतात, आणि परसातली झाडेही त्यास अपवाद नाहीत. झाड तेव्हा हिरवे असते, शेंड्याला दोन-चार पात्याही धरलेल्या असतात, आणि मुलांचा हात उपटायला धजत नाही. तरी ते उपटावे. किडकी बोंडे वेचून जाळावीत आणि पऱ्हाट्या कुडाशी रचून न ठेवता चुलीत घालाव्यात.