मधल्या सुट्टीतला खाऊ आणि मुलांचे रक्त

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आपण सगळे फाटकाकडे धावत सुटायचो. बाहेर गोणपाट अंथरून एक म्हातारी बसलेली असायची. तिच्या टोपलीत बोरे, गाभुळलेल्या चिंचा, रायआवळे, कवठ आणि तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी असत. शेजारी चणे-फुटाण्यांची गाडी आणि पलीकडे लाल-हिरवा बर्फाचा गोळा. एकाने पेरू घेतला तर चौघांचा वाटा ठरलेला. सदऱ्याच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचा, म्हणजे तो उष्टा होत नसे!

आपल्यापैकी अनेकांच्या खिशात तेवढेही पैसे नसत. डब्यात रात्रीची भाकरी आणि लाल चटणी असायची. तो डबाही काहीजण कोपऱ्यात, झाकण आडवे धरून खात. आज त्याच भाकरीला लाजू नका असे आपण मुलांना सांगतो, आणि सकाळी कामावर जाण्याच्या घाईत त्यांच्या हातावर दहाची नोट ठेवतो. त्या नोटेचे पुढे काय होते, ते या पाठात पाहू.

पाटीवरची पेन्सिल का खावीशी वाटायची?

आणखी एक ‘खाऊ’ आठवून पाहा. वर्गात एक-दोन मुली तरी पाटीवरची पेन्सिल खायच्या. कोणी भिंतीची माती, कोणी खडू, कोणी डब्यातले कच्चे तांदूळ. बाई ओरडायच्या, आई मारायची, आणि मुलगी चोरून पुन्हा खायची. ती वाईट खोड आहे असे सगळे म्हणत.

शरीरात लोह कमी झाले की माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असे पदार्थ खाण्याची ओढ लागू शकते. म्हणजे ती मुलगी हट्टी नव्हती, तिच्या अंगात रक्त कमी असण्याची शक्यता होती. तिला मार देण्यापेक्षा तिचे रक्त तपासायला हवे होते.

आजही चित्र फार बदललेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० पैकी सुमारे ६९ बालकांना आणि १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, चिडचिड करते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, “पोरगं अभ्यासात कच्चं आहे.” कच्चे रक्त असते, पोरगे नव्हे.

जुन्या खाऊत काय होते?

एकेक पदार्थ घेऊ.

*शेंगदाणे, चणे, फुटाणे :* मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यातही साधारण ६ ग्रॅमच असतात. फुटाण्यांतून प्रथिनांबरोबर थोडे लोहही मिळते. पाच वर्षांखालील मुलाला मात्र अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. त्याला कूट करून द्या. बोराची बी आणि चिंचोक्याबाबतही हीच काळजी घ्या.

*पेरू, आवळा, बोर :* यांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते. पेरूत ते संत्र्यापेक्षा जास्त असते, आवळ्यात तर त्याहूनही जास्त. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह आपले शरीर थोडेच शोषून घेते. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असले की ते जास्त शोषले जाते. म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणासोबत पेरूची फोड खावी.

*चिंच :* आंबट म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व असे अनेकांना वाटते. चिंचेचा आंबटपणा वेगळ्या आम्लाचा असतो, तिच्यात हे जीवनसत्त्व थोडेच. चवीपुरती खायला हरकत नाही.

*गूळ :* गुळाने रक्त वाढते असे आपण ऐकत आलो. गुळात लोह असते, पण लहानशा खड्यातून मिळते ते अगदी थोडे. शिवाय गूळही साखरच. शेंगदाण्यासोबत खडाभर गूळ चांगला, पण तो रक्तक्षयावरचे औषध नव्हे.

*बर्फाचा गोळा, रंगीत गोळ्या, गुलाबी कापूस :* इथे आठवणीच्या प्रेमात पडू नका. गोळ्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही. दूषित पाण्यातून कावीळ, विषमज्वर आणि जुलाब होतात. कापड रंगवण्याचा रोडामाइन-बी हा रंग साखरेच्या कापसात सापडल्यावर २०२४ मध्ये तामिळनाडूत त्या कापसाच्या विक्रीवर बंदी आली. जिभेवर बराच वेळ राहणारा भडक रंग मुलांना देऊच नये.

आजचे पाकीट

आज फाटकाबाहेर म्हातारीच्या टोपलीपेक्षा पाकिटांच्या माळा जास्त दिसतात. दहा रुपयांच्या पाकिटात मूठभर तळलेला पदार्थ आणि बाकी हवा. पोट भरल्यासारखे वाटते, मूल घरी येऊन जेवत नाही, आणि शरीराला मिळते ते मुख्यतः मीठ, तेल आणि मैदा किंवा मका-बटाट्याचे पीठ.

पाकीट कसे वाचायचे ते शिकून घ्या. घरात वाचणारे मूल असेल तर त्याच्याकडूनच वाचून घ्या. मागच्या बाजूला ‘सोडियम’ लिहिलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. बहुतेक आकडे १०० ग्रॅमचे असतात, म्हणून पाकिटाचे वजनही पाहा. समजा, १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ५० ग्रॅमचे आहे, तर त्या पाकिटातून १ ग्रॅम मीठ पोटात जाते. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहून कमी लागते, आणि भाजी-आमटीतले मीठ वेगळेच.

२०२० मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नियम केला की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर किंवा चरबीचे पदार्थ विकू नयेत. या नियमाचा रोख पेरू-बोरे विकणाऱ्या बाईवर नाही, हेही लक्षात ठेवा. तिने फळे झाकून ठेवावीत, चांगल्या पाण्याने धुवावीत आणि छापील वर्तमानपत्रात बांधू नयेत, एवढे तिला प्रेमाने सांगा. छपाईची शाई पोटात जाणे चांगले नाही.

पाण्याची गोष्ट

खाऊइतकेच पाणी महत्त्वाचे. बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या आठवणीत लिहिले आहे की नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानेने बसावे लागे. आज बहुतेक ठिकाणी नळाला कोणी अडवत नाही. पण नळाला पाणी आहे का, टाकी धुतली जाते का, हात धुवायला साबण आहे का, हे विचारणे आपले काम आहे. न धुतलेल्या हातांनी जंतांची अंडी पोटात जातात, आणि जंत अंगातले रक्त कमी करतात.

घरी आणि शाळेत काय कराल?

१. दहाच्या नोटेऐवजी डबी द्या. भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, तिळगुळाची वडी, उसळ, किंवा कुरमुऱ्यात कांदा-टोमॅटो-लिंबू घालून केलेली कोरडी भेळ. रविवारी आठवड्याचे भाजून ठेवले तर सकाळची घाई होत नाही.

२. बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि अळिवाचे लाडू खाऊ घाला. घरात मांसाहार होत असेल तर कलेजीतले लोह शरीराला सहज मिळते. भाजी लोखंडी कढईत करा.

३. जेवणाबरोबर चहा देऊ नका. चहामुळे लोह कमी शोषले जाते. जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्या.

४. शाळेतले जेवण मुलाचा हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. वस्तीतल्या आयांनी त्या समितीत बसावे आणि खिचडीत डाळ किती पडते ते पाहावे.

५. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी टाकून देऊ नका. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी. ती रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. शौच काळी झाली तर घाबरू नका. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली जंतांची गोळीही चुकवू नका.

डॉक्टरांकडे केव्हा?

पापणीच्या आतली बाजू, जीभ, नखे पांढुरकी दिसत असतील, मूल जिना चढताना धापत असेल, किंवा माती-पेन्सिल खात असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे ११.५ पेक्षा कमी, १२ ते १४ वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजावा. ८ च्या खाली असेल तर एक दिवसही थांबू नका.

विदर्भातल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या समाजात तिथे सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. मुलाचे हातपाय वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर रक्ताची कमी केवळ खाण्यामुळे आहे असे धरून चालू नका. सिकलसेलची तपासणी करा आणि लोहाचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

या रविवारी विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा प्रत्येकीने आपल्या मुलीची पापणी उजेडात खाली ओढून पाहावी. शेजारणीच्या मुलीचीही पाहावी. पांढुरकी दिसली तर सोमवारी दोघींनी मिळून दवाखान्यात जावे. आणि परत येताना वाटेत एक पेरू घ्यावा. वाटून खाण्याची रीत तर आपल्याला ठाऊक आहेच.