जिंकलेल्या मुलखाची घडी : १८१८ नंतरचे शिरूर आणि भीमथडी

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभासमोर नतमस्तक होतो. त्या लढाईची हकिगत आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या दिवसानंतर काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पेशवाई बुडाली, मग जिंकलेल्या मुलखातील राज्य, शेती, न्याय आणि शिक्षण यांची घडी कोणी बसविली? त्या घडीत कोरेगावी लढलेल्यांच्या वाट्याला काय आले? शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

जेत्याची कसोटी

जिंकलेल्या देशाशी कसे वागावे, याचा एक प्राचीन धडा बौद्ध वाचकांच्या परिचयाचा आहे. राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता सम्राट अशोकाने कलिंग जिंकले आणि त्या संहाराबद्दलचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात नोंदविला. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, मात्र तो लेख आढळत नाही. तेथे अधिकाऱ्यांना उद्देशून दोन स्वतंत्र आज्ञा कोरलेल्या आहेत. कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ सोसावा लागू नये, न्याय निःपक्षपाती असावा, राजा आपल्याला पित्यासमान आहे असा विश्वास प्रजेला वाटावा, असे त्यांचे सार आहे. जेत्याची खरी परीक्षा युद्धानंतरच्या कारभारात होते, हे यातून दिसते. हीच कसोटी आपण १८१८ च्या जेत्यांना लावून पाहू.

राज्याची घडी

शिरूर, म्हणजे घोडनदी, येथे त्या काळी कंपनी सरकारची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशे जणांची तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि सकाळी कोरेगावी पेशव्यांच्या सैन्यासमोर आली. पुणे त्यापूर्वीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक घेऊन तो गंगाकाठी बिठूरला गेला.

मुलखाचा कारभार कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आला. त्याचे धोरण थोडक्यात असे होते की, जुनी व्यवस्था होईल तितकी कमी हलवावी. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांची गादी ठेवून त्यांना लहानसे राज्य दिले. अनेक सरदारांच्या जहागिरी चालू ठेवल्या. पाटील आणि कुलकर्णी यांची वतने कायम राहिली. दिवाणी तंट्यांसाठी पंचायती ठेवल्या. धर्मदाय आणि दक्षिणा यांवरील खर्चही पूर्णपणे थांबविला नाही. कारभारात कलेक्टर आले आणि मामलती मक्त्याने देण्याची बाजीरावाच्या काळातील घातक रीत बंद झाली.

या धोरणामुळे मुलूख लवकर शांत झाला, हे मान्य केले पाहिजे. लुटालूट थांबली आणि ओस पडलेल्या गावांत माणसे परतू लागली. परंतु त्या जुन्या व्यवस्थेतच गावाबाहेरचा वाडाही होता. ज्या अन्यायाने माणसाला गावाबाहेर बसविले, तोही शांततेसाठी तसाच ठेवला गेला.

शेतीची घडी

राज्य शांत झाले तरी शेतकरी सुखी झाला नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याच्या जमिनींची पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा सरकारचा, असे तत्त्व ठरविले. हिशेब कागदावर सुबक होता. पण आकारणी सदोष आणि जड ठरली. शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. तेव्हा १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. सारा कमी करून तो तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

या सुधारणेतच पुढील संकटाचे बीज होते. जमिनीवरील कब्जा आता वारसाहक्काने चालणारा आणि विकता येणारा झाला. साहजिकच ती कर्जाला तारण म्हणून चालू लागली. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाची मर्जी सांभाळावी लागे. आता त्याच्या हाती रोखा, दिवाणी कोर्ट आणि हुकूमनामा आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर काही वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत वाढली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६७ पासून सारा पुन्हा वाढविला गेला. पुणे ते सोलापूर लोहमार्ग दौंडवरून १८६० पर्यंत पुरा झाला होता. त्यामुळे बाजार जवळ आला, तसे दूरच्या बाजारातील चढउतारही शेतकऱ्याच्या दाराशी आले.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका त्याच भीमथडीचा भाग होता. शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि शेजारचा नगर जिल्हा यांतही हे लोण पसरले. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. पेशवाईच्या अंतापासून या कायद्यापर्यंत ६१ वर्षे लोटली होती.

वगळलेल्यांची घडी

शेतकऱ्याच्या दुःखाची उशिरा का होईना, दखल घेतली गेली. ज्यांची नावे विजयस्तंभावर कोरली गेली, त्या महार शिपायांच्या समाजाचे काय झाले? फौजेची नोकरी काही काळ मिळाली आणि तिच्याबरोबर अक्षरओळख व स्वाभिमान आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो दरवाजाही बंद करण्यात आला. गावात महार वतन तसेच राहिले. थोडी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात सारे कुटुंब रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या चाकरीस बांधलेले असे. १८७४ च्या वतन कायद्याने ही चौकट नव्या सरकारच्या शिक्क्यानिशी कायम केली.

शिक्षणातही हेच झाले. १८२१ मध्ये पुण्यात सरकारी खर्चाने संस्कृत पाठशाळा उघडली, ती केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. १८२४ च्या आपल्या टिपणात एल्फिन्स्टनने एक गोष्ट कबूल केली होती की, मिशनऱ्यांना सर्वांत चांगले विद्यार्थी खालच्या मानलेल्या जातींतून मिळतात. तरीही शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वरच्या जातींत पसरणार नाही, म्हणून सावध राहावे, असा त्याचा निष्कर्ष होता. १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला. तोपर्यंत महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या. जेत्यांनी जे टाळले, ते या दांपत्याने आपल्या बळावर केले.

जपानचे उदाहरण

हे टाळणे अपरिहार्य होते काय? तुलनेसाठी जपान पाहू. १९४५ मध्ये पराभूत झालेला तो देश १९५२ पर्यंत परकीय सैन्याच्या ताब्यात होता. तेथील जेत्यांचेही स्वतःचे स्वार्थ होतेच. तरीही १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. ३ मे १९४७ रोजी नवे संविधान अंमलात आले. जमीन सुधारणेमुळे कुळांनी कसलेल्या जमिनीचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आले. जमीन कसणाऱ्याच्या हाती गेल्याने खेड्यांतील सत्तेची जुनी घडी बदलली. दख्खनमध्ये जेत्यांनी शांततेला प्राधान्य दिले. जपानमध्ये शांततेबरोबर समाजरचनाही बदलावी लागली.

आपली जबाबदारी

आपल्याकडे हे काम जेत्यांनी केले नाही. ते वगळलेल्यांनाच करावे लागले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावी आले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्येच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. पराक्रमाचे स्मरण, जमिनीचा हक्क आणि मुलांच्या निवासाची सोय या तीन गोष्टी बाबासाहेबांच्या कार्यात एकत्र नांदत होत्या, हे आपण विसरता कामा नये. १८१८ मध्ये राहून गेलेली घडी पुढे संविधानाने बसविण्यास आरंभ केला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस महार वतने कायद्याने संपली.

म्हणून स्मरणाबरोबर थोडा अभ्यासही व्हावा, अशी आमची विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुन्या वतन जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून पाहावा. ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कोणत्या शर्ती आहेत, हे वडीलधाऱ्यांसमवेत बसून समजून घ्यावे. पालकांनी घरातील पहिली साक्षर व्यक्ती कोण, ती कोणत्या शाळेत शिकली, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. निवासी शाळा हीदेखील त्याच अपुऱ्या राहिलेल्या कामाचा भाग आहे. स्तंभावरील नावे वाचता येणारी पिढी आपण घडविली. आता सातबारा, कायदा आणि अंदाजपत्रक वाचणारी पिढी घडविणे आपल्याकडे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.