तळ्यांतील माशांचें आरोग्य व औषधोपचार

भंडारा, गोंदिया व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत, आणि त्यांतील रोहू, कटला व मृगळ ह्यांवर अनेक ढिवर कुटुंबांचा निर्वाह चालतो. अशा तलावांत रोग शिरला म्हणजे वर्षाची कमाई थोड्या दिवसांत बुडते. मग घाबरलेला मनुष्य दुकानांत मिळेल तें औषध आणून पाण्यांत ओततो. ह्या घाईविषयीं आम्ही वाचकांस कांहीं सांगूं इच्छितों.

बैलास पाजिलेलें औषध त्याच्याच पोटांत जातें. तलावांत ओतलेलें औषध मात्र शिंपले, किडे, चिखलांतील उपयुक्त जंतु व तेंच पाणी पिणारीं गुरें ह्या सर्वांच्या वांट्यास येतें. प्रतिजैविकांचा अपाय ह्याहून मोठा. जे रोगजंतु त्यांतून वांचतात ते औषधास दाद देईनासे होतात, व असे जंतु पसरले म्हणजे मनुष्याच्या दुखण्यांतही तें औषध लागू पडत नाहीं. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान हीं मत्स्यपालनांत वापरण्यास आपल्या देशांत बंदी आहे, ती उगीच नव्हे.

म्हणून प्रथम पाणी पाहावें. पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले, तर तो बहुधा रोग नसतो. रात्रीं शेवाळ व पाणवनस्पति प्राणवायु ओढून घेतात, त्यामुळें मासे गुदमरतात. अशा वेळीं खाद्य व शेणखत बंद करावें, ताजें पाणी सोडावें. तें नसेल तर बांबूंनीं पाणी बडवावें. एवढ्यानें पुष्कळदां भागतें.

व्रणांचा रोग मात्र खरा रोग होय. तो १९८८ सालीं ईशान्य भारतांत प्रथम दिसला व पुढें देशभर पसरला. पाण्यांतील एका बुरशीमुळें, विशेषतः थंडीच्या दिवसांत, अंगावर लाल चट्टे उठतात व त्यांचे खोल व्रण होतात. मरळ त्यास लवकर बळी पडते. ह्यावर चुना हा स्वस्त उपाय आहे. हेक्टरी सुमारें २०० किलो चुना विरवून, थंड करून, थोडाथोडा पसरावा. तथापि पाणी आधींच क्षारयुक्त असेल तर चुना घालूं नये, कारण त्यानें पाण्यांतील अमोनिया अधिक विषारी होतो. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंशोधन संस्थेनें ह्याच रोगासाठीं ‘सिफॅक्स’ नांवाचें औषध काढिलें आहे. मेलेले मासे काढून दूर पुरावे, व त्या तलावाचें जाळें वाळविल्यावांचून दुसऱ्यांत टाकूं नये.

बीज सोडण्यापूर्वीं लहान तळ्यांतील हिंस्र मासे काढण्यास मोहाची पेंड उत्तम. एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी सुमारें २५०० किलो पेंड लागते. साधारण तीन आठवड्यांत तिचें विष उतरतें व तीच खत होते. मासे पोसलेल्या तलावांत मात्र ती टाकूं नये. तिला आपलें व परकें कळत नाहीं.